नळाच्या पाण्याचे विमार्गगमन : सोलापूरच्या निमित्ताने

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश व काल हे चार भाव सांगितले आहेत. व्यक्तींची प्रकृती, आहार, बल, सात्म्य व वय भिन्न असूनही एकाच वेळी एकाच प्रदेशातील असंख्य लोक एकाच व्याधीने का ग्रस्त होतात, या अग्निवेशाच्या शंकेचे उत्तर आत्रेयांनी या चार भावांच्या आधारे दिले. हे भाव सर्वांना समान असतात. त्यांची दुष्टी झाली, की व्याधी व्यक्तीची न राहता वस्तीची होते. त्याच विमानस्थानात पुढे स्रोतोदुष्टीची लक्षणे सांगताना अतिप्रवृत्ती, संग, सिराग्रंथी व विमार्गगमन हे चार प्रकार येतात. हे दोन अध्याय एकत्र वाचले असता आजच्या नागरी जीवनातील एका मोठ्या, परंतु दुर्लक्षित प्रश्नाचे स्वरूप ध्यानी येते. शहराची जलवाहिनी हे लाखो माणसांचे सामाईक उदकवह स्रोतस आहे. त्यात गळती, तुंबणे व गंजून साचणे हे दोष असतातच. परंतु सर्वांत घातक दोष चौथा, म्हणजे विमार्गगमन. जे पाणी वाहिनीतून घराकडे जावयाचे, तेच घरातून, खड्ड्यातून अथवा गटारातून वाहिनीकडे परत फिरते. अभियंते यास बॅकफ्लो म्हणतात. आपण त्यास उलटा प्रवाह म्हणू.

हा विषय अभियंत्यांचा आहे, वैद्यांचा नव्हे, असे कोणास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कावीळ, विषमज्वर, अतिसार व प्रवाहिका यांचे रुग्ण सर्वप्रथम आपल्याच दाराशी येतात. शिवाय आपली चिकित्सालये, पंचकर्म केंद्रे व औषधी निर्माणशाळा याच वाहिनीला जोडलेल्या आहेत. म्हणजे या प्रश्नात आपण चिकित्सक आहोत, तसेच संभाव्य हेतूही आहोत. या दोन्ही बाजूंचा विचार येथे करावयाचा आहे.

सोलापूरचे पाणी

सोलापूर शहराला पाणी मुख्यत्वे तीन ठिकाणांहून मिळत आले आहे. भीमेवरील उजनी धरणातून सुमारे ११० किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने येणारे पाणी पाकणी येथे शुद्ध होते. भीमेच्याच पात्रात औज व चिंचपूर बंधाऱ्यांत अडविलेले पाणी टाकळी येथून उचलून सोरेगावच्या केंद्रात शुद्ध केले जाते. तिसरा स्रोत म्हणजे एकोणिसाव्या शतकात बांधलेला एकरुख, अर्थात हिप्परग्याचा तलाव. त्याचे पाणी भवानी पेठेतील केंद्रात येते. उजनीहून प्रतिदिन १७० दशलक्ष लिटर पाणी आणू शकणाऱ्या समांतर जलवाहिनीचे कामही अलीकडच्या वर्षांत हाती घेण्यात आले.

शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी व आपल्या तोटीतून येणारे पाणी यांत मोठे अंतर असते, आणि ते केवळ किलोमीटरांत मोजता येत नाही. गेली अनेक वर्षे सोलापूरकरांना नळाचे पाणी तीन-चार दिवसांआड, कधी पाच दिवसांआड मिळण्याचा अनुभव आहे. दूरवरच्या पंपगृहात वीज गेली, की वेळापत्रक आणखी पुढे जाते. ज्या दिवशी पाणी येते, त्या दिवशी ते काही तास वाहते. उरलेला सर्व काळ वाहिनी रिकामी अथवा अर्धी भरलेली असते. पाणी कमी मिळते ही तक्रार सर्वांच्या तोंडी असते. पण वाहिनी रिकामी राहते तेव्हा तिच्यात काय शिरते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

जून २०२५ मध्ये शहरातील मोदी परिसरातील एका झोपडपट्टीत दोन शाळकरी मुलींचा मृत्यू झाला. रहिवाशांनी दूषित पाण्याकडे बोट दाखविले आणि नळाच्या पाण्याच्या शुद्धतेचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. त्याच वर्षी जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी व धायरी भागांत गुलियन-बारे सिंड्रोमचा उद्रेक झाला. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदविले गेले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळला आणि दूषित पाणी हे प्रमुख संशयित कारण ठरले. या उद्रेकातील पहिला संशयित मृत्यू सोलापुरातच नोंदविला गेला. दूषित पाणी जेथे प्यायले जाते, तेथेच त्याचे परिणाम दिसतील असे नाही. रुग्ण आपल्या गावी परततो आणि तेथील वैद्याच्या समोर येऊन बसतो. सोलापूर जिल्ह्यात आषाढी वारीनंतर हे विशेषत्वाने ध्यानात ठेवावे लागते.

उलटा प्रवाह कसा घडतो

पाणी स्वभावतः अधिक दाबाकडून कमी दाबाकडे जाते. वाहिनीत दाब असेपर्यंत गळतीच्या छिद्रातून पाणी बाहेर जाते. त्याने नासाडी होते, पण बाहेरचे दूषण आत येत नाही. दाब नाहीसा झाला, की तेच छिद्र तोंड उलटे करते. पुरवठा बंद झाल्यावर उंच भागातील पाणी सखल भागाकडे उतरते, मागे पोकळी राहते आणि ती पोकळी मिळेल ते ओढून घेते. नळीने पिंपातील द्रव काढताना एकदा ओढून सोडले, की पुढे तो आपोआप वाहतो. तोच हा नियम. यास बॅक सायफनेज म्हणतात. पूर्ण निर्वात पोकळी पाण्याला सुमारे १० मीटर उंचीपर्यंत ओढू शकते. प्रत्यक्षात इतकी पोकळी क्वचितच होते, पण खड्ड्यातील अथवा बादलीतील पाणी ओढण्यास तिचा लहानसा अंशही पुरतो.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे. ग्राहकाच्या बाजूचा दाब वाहिनीतील दाबापेक्षा वाढला, की त्याच्याकडील पाणी बळाने वाहिनीत ढकलले जाते. बोअरवेलचा पंप, बॉयलर, गच्चीवरील टाकी ही त्याची कारणे. पहिल्या प्रकारात वाहिनी ओढते, दुसऱ्यात आपण ढकलतो. दोन्हींचे फळ एकच.

आपल्या गल्लीबोळांत हे कोणत्या मार्गांनी घडते, ते पाहू.

पहिला मार्ग नळाच्या खड्ड्याचा. दाब अपुरा असल्याने उंचीवरच्या तोटीत पाणी चढत नाही. म्हणून अनेक वस्त्यांत जमिनीत खड्डा करून नळ खाली कापून घेतात. पाणी आले की घागर खड्ड्यात उतरवायची आणि भरायची. पाणी गेल्यानंतर त्या खड्ड्यात सांडपाणी, पावसाचे पाणी व अंगणातील घाण साचते. नळाला तोटी नसते. असली तरी ती बुडालेली असते. वाहिनीत पोकळी निर्माण होताच खड्ड्यातील पाणी मागे खेचले जाते आणि पुढच्या पाळीला ते शेजाऱ्यांच्या घागरीत पडते.

दुसरा मार्ग मोटारीचा. नळाला थेट विद्युत मोटार लावून पाणी खेचणे आता घरोघरी चालते. मोटार जेवढे पाणी खेचते, तेवढे वाहिनीत नसेल, तर तिच्या मागच्या भागात दाब शून्याच्याही खाली जातो. म्हणजे वाहिनी वाहत असतानाच, ऐन पाणी येण्याच्या वेळी, शेजारच्या गंजलेल्या नळजोडातून गटाराचे पाणी आत येऊ शकते. मोटार लावणाऱ्याचा अन्याय शेजाऱ्याचे पाणी पळविण्यापुरता नसतो. त्याच्या व शेजाऱ्याच्या दोघांच्याही पाण्यात तो विष कालवीत असतो.

तिसरा मार्ग गटारातून जाणाऱ्या नळजोडाचा. मुख्य वाहिनी रस्त्याच्या एका बाजूस आणि घर दुसऱ्या बाजूस असते, मध्ये गटार असते. लोखंडी नळी गटारातूनच नेली जाते आणि काही वर्षांत गंजते. केंद्र शासनाच्या पाणीपुरवठा विषयक नियमपुस्तिकेत जलवाहिनी व मलवाहिनी यांत आडवे अंतर किमान ३ मीटर असावे. ते शक्य नसल्यास जलवाहिनीचा तळ मलवाहिनीच्या माथ्यापेक्षा किमान अर्धा मीटर वर असावा, असे सांगितले आहे. जुन्या पेठांत रस्त्याची रुंदीच तेवढी नसते. मग नळी तरी अखंड असावी, तिला गटारात जोड नसावा आणि ती बाहेरील दुसऱ्या नळीत घालून न्यावी, एवढे तरी पाहिलेच पाहिजे.

चौथा मार्ग बोअरवेलच्या जोडणीचा. नगरपालिकेचे पाणी दिवसांआड येत असल्याने घरोघरी बोअर आहे. प्लंबर दोन्ही पाणी एकाच नळीला जोडतो आणि मध्ये एक व्हॉल्व्ह बसवितो. तो व्हॉल्व्ह बंद ठेवण्याचे स्मरण राहिले नाही अथवा तो झिजला, की बोअरचे जड व अनेकदा दूषित पाणी सार्वजनिक वाहिनीत जाते. दोन पाण्यांचा असा परस्परसंबंध, म्हणजे क्रॉस कनेक्शन, हा उलट्या प्रवाहाचा पाया होय.

पाचवा मार्ग बुडालेल्या नळीचा. बादलीत, टबात अथवा हौदाच्या तळाशी सोडलेली रबरी नळी, शौचालयात भांड्यात पडलेला जेट स्प्रे, जमिनीखालील हौदात पाण्याच्या पातळीखाली उघडणारा नळ ही त्याची नित्याची रूपे आहेत.

अन्य ठिकाणचे अनुभव

खंडित पुरवठ्याचा परिणाम किती होतो, याचा पुरावा आपल्या शेजारच्या हुबळी-धारवाडमध्ये मिळाला. त्या जुळ्या शहरांच्या काही प्रभागांत चोवीस तास पाणी, तर उर्वरित भागांत दिवसांआड पाणी अशी स्थिती होती. स्रोत व शुद्धीकरण एकच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सतत पुरवठ्याच्या नळांतील ०.७ टक्के नमुन्यांत ई. कोलाय हा मलजन्य जिवाणू आढळला; खंडित पुरवठ्याच्या नळांत हेच प्रमाण ३१.७ टक्के होते. पुरवठा सुरू होतानाच्या पहिल्या पाण्यात व कमी दाबाच्या काळात दूषण अधिक असल्याचेही त्याच संशोधकांनी दाखविले. पाणी येताच पहिले गढूळ पाणी सोडून द्यावे, ही आपल्याकडील गृहिणींची पद्धत किती योग्य आहे, हे यावरून दिसते. आपल्या सातारा जिल्ह्यातील मलकापूर या लहान नगराने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखविले. सतत दाब असलेली वाहिनी हाच उलट्या प्रवाहावरील मूलगामी उपाय होय.

१९५५ च्या अखेरीस दिल्लीत घडलेली घटना तर नदीच्याच विमार्गगमनाची आहे. पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगड नाल्याचे मलयुक्त पाणी उलटे वर चढून वजिराबाद येथील पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचले. केंद्रातील कर्मचाऱ्यांनी तुरटी व क्लोरीनची मात्रा वाढविली. त्यामुळे विषमज्वर व प्रवाहिका यांची साथ आली नाही. परंतु काही आठवड्यांनी सुमारे २९,३०० लोकांना कावीळ झाली. गर्भिणींमध्ये मृत्यूचे प्रमाण विशेष होते. पुढे अनेक वर्षांनी जतन केलेल्या रक्तद्रवाच्या तपासणीवरून ही कावीळ आज ज्यास हिपॅटायटिस ई म्हणतात त्या प्रकारची असल्याचे निष्पन्न झाले. २०१२ साली इचलकरंजीत याच व्याधीने अनेकांचा बळी घेतला. क्लोरीन आवश्यक आहे, पण मलाचा मोठा लोंढा आत आल्यावर तो सर्वस्वी तारू शकत नाही, हा दिल्लीचा धडा आहे.

शिकागो शहरात १९३३ साली जागतिक प्रदर्शनाच्या काळात दोन मोठ्या हॉटेलांच्या जुन्या नळव्यवस्थेत पिण्याचे पाणी व सांडपाणी एकत्र आले. अमीबाजन्य प्रवाहिकेने ९८ जण दगावले; बहुतेक पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडले, त्यामुळे मूळ शोधण्यास विलंब झाला. १९६९ साली अमेरिकेतील होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघातील सुमारे ९० जणांना कावीळ झाली. जवळच आग लागून बंबांनी पाणी खेचल्याने वाहिनीतील दाब घसरला आणि मैदानातील शिंपण्याच्या नळाच्या खड्ड्यातील दूषित पाणी खेळाडूंच्या पिण्याच्या नळात ओढले गेले. तो खड्डा आणि आपल्या वस्त्यांतील नळाचा खड्डा यांत तत्त्वतः काहीच भेद नाही. २००७ च्या नोव्हेंबरात फिनलंडमधील नोकिया गावी मैलापाणी केंद्रात पिण्याच्या व प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याच्या वाहिन्यांना जोडणारा व्हॉल्व्ह उघडला गेला. सुमारे साडेचार लाख लिटर सांडपाणी वाहिनीत गेले आणि आठ हजारांहून अधिक लोक आजारी पडले. संपन्न व दक्ष देशातही एक व्हॉल्व्ह पुरला.

शास्त्रीय जलशुद्धी व तिची मर्यादा

सुश्रुतांनी सूत्रस्थानातील द्रवद्रव्यविधी अध्यायात व्यापन्न जलाचे स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य व विपाक असे सहा दोष वर्णिले आहेत. अग्नीवर तापविणे, सूर्यतापात ठेवणे, तप्त लोहपिंड बुडविणे हे उपाय सांगितले आहेत. कतक, गोमेदक, बिसग्रंथी, शैवालमूल, वस्त्र, मुक्ता व मणी ही कलुषप्रसादनाची सात साधने त्यांनी दिली. कतक म्हणजे आपली निवळी. तिच्या बियांनी गढूळपणा खाली बसतो, हे आधुनिक प्रयोगांनीही मान्य केले आहे.

तथापि येथे एक विवेक आवश्यक आहे. प्रसादन म्हणजे निवळणे. निवळलेले पाणी जंतुरहित असतेच असे नाही. उलट्या प्रवाहाने आलेले थोडेसे मलजल मोठ्या प्रवाहात मिसळले असता रूप, रस व गंध यांत काहीही विकृती दिसत नाही. पाणी काचेसारखे असते आणि तरीही व्याधिकारक असते. म्हणून रुग्णाला केवळ निवळी अथवा तुरटी फिरविण्याचा सल्ला देऊन थांबू नये. शृतजल, अर्थात खळखळून उकळलेले पाणी, हा शास्त्रसंमत व निःसंशय उपाय आहे. षडंगपानीय योजताना पाणी उकळले जाते, हा त्या कल्पाचा आणखी एक लाभ. उकळलेले पाणी पुन्हा हौदातील भांड्याने काढले अथवा न धुतलेल्या माठात ओतले, तर मात्र सर्व श्रम व्यर्थ होतात.

रुग्णपरीक्षणात काय विचारावे

दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेतील प्रश्नाचा येथे फार उपयोग आहे. अतिसार अथवा कामलेच्या रुग्णाला आहार-विहाराबरोबर पुढील चार प्रश्न अवश्य विचारावेत. पाणी कोठून येते : नळ, बोअर, टँकर की जार? मागील पाळीला पाणी कोणत्या दिवशी आले आणि ते गढूळ अथवा दुर्गंधीयुक्त होते काय? त्याच गल्लीत आणखी कोणी आजारी आहे काय? नळ खड्ड्यात आहे काय, मोटार लावली जाते काय?

उत्तरे नोंदवहीत पत्त्यासह लिहावीत. कालाचा हिशोब व्याधीनुसार वेगळा असतो. पटकी काही तासांपासून पाच दिवसांत, शिगेलाजन्य प्रवाहिका साधारण एक ते तीन दिवसांत, कॅम्पिलोबॅक्टरचा अतिसार दोन ते पाच दिवसांत प्रकट होतो. विषमज्वरास बहुधा एक ते तीन आठवडे लागतात. अ प्रकारची कावीळ सरासरी चार आठवड्यांनी, तर ई प्रकारची दोन ते दहा आठवड्यांनी दिसते. म्हणून काविळीच्या रुग्णाला कालच्या पाण्याविषयी विचारून उपयोग नाही. महिन्या-दीड महिन्यापूर्वी गल्लीत खोदकाम झाले होते काय, हे विचारावे.

एकाच गल्लीतील दोन-तीन रुग्ण आठवड्यात आले, तर महापालिकेच्या आरोग्य विभागास त्याच दिवशी लेखी कळवावे. देशात २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षणाची व्यवस्था आहे. परंतु खासगी वैद्याची नोंद तिच्यापर्यंत पोहोचली नाही, तर साथ तिच्या नजरेस उशिरा येते. गर्भिणीस कावीळ झाल्यास, विशेषतः अखेरच्या तीन महिन्यांत, घरगुती उपचारांत एक दिवसही न दवडता रुग्णालयात पाठवावे. अतिसारानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांतील बल कमी होऊ लागल्याची तक्रार आल्यास तिला केवळ वातव्याधी समजून थांबू नये. गुलियन-बारेची शक्यता धरून त्वरित रुग्णालयाचा मार्ग दाखवावा.

आपल्या चिकित्सालयात व निर्माणशाळेत

आता आपल्या स्वतःच्या घराकडे वळू. पंचकर्म केंद्रातील अवगाहाच्या टबात रबरी नळी सोडून तो भरण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. टबात रुग्ण बसलेला असताना अथवा उठून गेल्यावर नळी तशीच राहिली आणि पुरवठा बंद झाला, तर ते पाणी थेट वाहिनीत जाऊ शकते. बस्तीची उपकरणे धुण्याच्या हौदाचीही तीच कथा.

निर्माणशाळेत धोक्याच्या जागा अधिक आहेत. क्वाथपात्रात अथवा संधानपात्रात खोलवर सोडलेली पाण्याची नळी. बाटल्या धुण्याच्या हौदातील क्षार व साबण. अर्कयंत्राच्या शीतकाचे फिरते पाणी. बॉयलरला जाणारे, क्षार रोखण्यासाठी रसायने मिसळलेले पाणी. भांडी धुण्याचा दाबाचा पंप. अग्निशमनाची साठवण टाकी. यांपैकी कोणतीही जागा पिण्याच्या वाहिनीशी थेट जोडलेली असेल, तर आपला कारखाना साऱ्या पेठेच्या पाण्याला जोडलेला आहे, असेच समजावे.

यात केवळ परोपकार नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ‘टी’ २००० साली लागू झाली व २००३ मध्ये सुधारली गेली. तिच्यानुसार निर्मितीत वापरावयाचे पाणी शुद्ध व पिण्यायोग्य असणे बंधनकारक आहे. तयार औषधांत ई. कोलाय व साल्मोनेला नसावेत, अशी औषधसंहितेची अपेक्षा आहे. क्वाथ उकळला जातो खरा. परंतु चूर्णाची द्रव्ये धुताना, वटीसाठी भावना देताना आणि बाटली विसळताना वापरलेले पाणी पुढे उकळले जात नाही. तेथे शिरलेला जंतू थेट रुग्णाच्या हाती जातो आणि दोष औषधाच्या माथी येतो.

उपाय महागडे नाहीत. सर्वांत विश्वसनीय उपाय म्हणजे हवेचे अंतर. नळाचे तोंड पात्राच्या काठापेक्षा नळीच्या व्यासाच्या दुप्पट, आणि कोणत्याही स्थितीत २५ मिलिमीटरपेक्षा कमी नाही, इतके वर असावे. हवेतून पाणी उलटे उडी मारू शकत नाही. टँकर भरण्याच्या जागी वरून सोडलेली नळी हे याचेच उदाहरण. ती टँकरच्या पाण्यात बुडाली, की तो लाभ संपला.

हौदात येणाऱ्या नळाचे तोंड सांडव्याच्या पातळीच्या वर असावे, हौदाचा काठ जमिनीपेक्षा उंच असावा व झाकण घट्ट असावे. नळाला थेट मोटार लावू नये; पाणी हौदात घ्यावे आणि मोटार हौदावर लावावी. बोअर व नगरपालिकेचे पाणी यांच्या नळ्या स्वतंत्र असाव्यात; एकत्र आणावयाचे असल्यास दोन्ही पाणी वरून टाकीत पडावे, नळीत भेटू नये. मीटरनंतर एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेने पाणी जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बाणाची दिशा पाहून बसवावा. तथापि त्यात वाळू अथवा गंज अडकतो आणि तो अर्धवट उघडा राहतो, म्हणून वर्षातून एकदा उघडून तपासावा. हवेचे अंतर जेथे शक्य आहे, तेथे त्याऐवजी एनआरव्हीवर विसंबून राहू नये.

एक साधी परीक्षा कोणासही करता येते. पुरवठा बंद झाल्यानंतर थेट वाहिनीवरील सर्वांत खालची तोटी उघडावी आणि तिच्या तोंडाशी उकळून गार केलेल्या पाण्याचा पेला असा धरावा, की तोंड पाण्यात बुडेल. पेल्यातील पाणी कमी होऊ लागले अथवा हवा ओढल्याचा आवाज आला, तर त्या क्षणी वाहिनी ओढत आहे, हे सिद्ध झाले. परीक्षा होताच तोटी बंद करावी.

दुसरी परीक्षा क्लोरीनची. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला येणाऱ्या पाण्यात मुक्त अवशिष्ट क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर असावा. ग्रामपंचायतींपासून परिचित असलेली ओटी चाचणी अथवा तिच्यापेक्षा सुरक्षित असलेली डीपीडी चाचणी यांनी तो मिनिटभरात कळतो. शेजारच्या गल्लीत क्लोरीन असेल आणि आपल्या नळात एकाएकी नसेल, तर मध्ये कोठेतरी मल शिरला असल्याचा संशय घ्यावा. जिवाणूंसाठी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेत १९८२ च्या सुमारास विकसित झालेली एच-टू-एस बाटली उपयुक्त आहे. पाणी भरून ठेवल्यावर एक-दोन दिवसांत ते काळे पडल्यास मलजन्य दूषणाची शंका पक्की होते.

दूषण आढळल्यास हौद रिकामा करून घासावा. ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या टीसीएल पावडरचे प्रमाण १,००० लिटरला सुमारे १५० ग्रॅम घेऊन हौद भरावा, एक दिवस ठेवून ते पाणी सोडून द्यावे व नंतर स्वच्छ पाण्याने विसळावे. नित्याच्या निर्जंतुकीकरणास १,००० लिटरला साधारण अडीच ग्रॅम पावडर आणि किमान अर्ध्या तासाचा अवधी पुरतो. पाणी गढूळ असल्यास आधी निवळू द्यावे. येथे निवळीला व तुरटीला त्यांचे योग्य स्थान मिळते. पावडर उघडी राहिली, की तिचे बल झपाट्याने कमी होते, हे विसरू नये.

निदानपरिवर्जन

संक्षेपतः निदानपरिवर्जन हीच चिकित्सा, हे सूत्र आपण रुग्णाला नित्य सांगतो. गळक्या वाहिन्या बदलणे, गटारातून गेलेले नळजोड हलविणे आणि पुरवठा सतत करणे हे महापालिकेचे दायित्व आहे, आणि त्याचा आग्रह नागरिक म्हणून धरलाच पाहिजे. समांतर वाहिनीने पाण्याचे प्रमाण वाढेल. परंतु पेठेतील शेवटची नळी तशीच राहिली आणि पाणी दिवसांआडच सुटत राहिले, तर वाढीव पाणीही त्याच छिद्रांतून दूषित होईल.

त्याच वेळी खड्ड्यातील नळ, थेट लावलेली मोटार, बोअरची छुपी जोडणी व टबात बुडालेली नळी या चार गोष्टी आपल्या हातातील आहेत. वैद्याच्या शब्दाला वस्तीत अजूनही मान आहे. महापालिकेच्या सूचनेकडे दुर्लक्ष करणारा गृहस्थ, मुलाला कावीळ झाली असता वैद्याने सांगितलेले ऐकतो. संघटनेच्या प्रत्येक सदस्याने येत्या तीन महिन्यांत आपल्या चिकित्सालयातील व निर्माणशाळेतील नळव्यवस्था प्लंबरसह एकदा पाहावी, बुडालेली प्रत्येक नळी वर उचलावी आणि आपल्या गल्लीतील खड्ड्यांच्या नळांची यादी करून ती प्रभाग कार्यालयास द्यावी. त्या यादीतील एक खड्डा जरी बुजला, तरी त्या गल्लीतील पुढच्या काविळीचे एक निदान कमी होईल.